ब्रा, घट्ट कपडे आणि स्तनाचा कर्करोग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रा कोणती घालावी, किती तास घालावी, रात्री काढावी की नाही, यावरून बायकांच्या मनात जी धास्ती भरवली जाते ती मला अस्वस्थ करते. कर्करोगाचं नाव निघालं की माणूस आधीच घाबरतो. त्यात रोज अंगावर असणाऱ्या कपड्याचाच संशय येऊ लागला, तर तो विचार दिवसभर पाठ सोडत नाही. म्हणून इथे एकेका प्रश्नाचं सरळ उत्तर दिलं आहे. कुठे ते दोन ओळींचं आहे, कुठे बरंच मोठं. डॉक्टरांकडे कधी जायचं, हे सांगणारा भाग मध्ये आहे. तो कृपा करून वगळू नका.

ब्रा घातल्याने स्तनाचा कर्करोग होतो का?

नाही. स्तनातल्या दुधाच्या नळ्या आणि दूध तयार करणाऱ्या ग्रंथी यांच्या पेशींमध्ये जनुकीय बदल साठत जातात, पेशींच्या वाढीवरचा ताबा सुटतो आणि कर्करोग सुरू होतो. वय, संप्रेरकं (हार्मोन्स), आनुवंशिकता, मद्य, वजन यांचा या प्रक्रियेशी संबंध आहे. कापडाच्या बाहेरून पडणाऱ्या दाबाने पेशींतली जनुकं बदलत नाहीत.

इतक्या ठामपणे कसं सांगता? यावर कुणी अभ्यास केला आहे का?

केला आहे. अमेरिकेत सिएटलमधल्या फ्रेड हचिन्सन कर्करोग संशोधन केंद्राचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ५५ ते ७४ वयाच्या, पाळी थांबलेल्या स्त्रिया होत्या. दुधाच्या नळ्यांपासून सुरू होणाऱ्या कर्करोगाच्या ४५४ रुग्ण, दूध तयार करणाऱ्या ग्रंथींपासून सुरू होणाऱ्या कर्करोगाच्या ५९० रुग्ण आणि कर्करोग नसलेल्या ४६९ स्त्रिया. ब्रा कोणत्या वयात घालायला लागलात, दिवसाला किती तास, आठवड्यातून किती दिवस, कपचा आकार कोणता, वायर होती का, वयाच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर सवय कशी बदलली, हे सगळं प्रत्यक्ष मुलाखती घेऊन विचारलं गेलं. दोन्ही प्रकारच्या कर्करोगाशी यातल्या एकाही गोष्टीचा संबंध आढळला नाही.

या अभ्यासाची मर्यादाही सांगायला हवी. ब्रा कधीच न घातलेल्या स्त्रिया त्यात जवळजवळ नव्हत्या, त्यामुळे तुलना झाली ती कमी वापरणाऱ्या आणि जास्त वापरणाऱ्या स्त्रियांची. तरीही ब्राच्या दाबात धोका असता, तर दिवसाचे बहुतेक तास ब्रा घालणाऱ्यांमध्ये आणि थोडाच वेळ घालणाऱ्यांमध्ये काहीतरी फरक दिसायला हवा होता. तो दिसला नाही.

मग ही समजूत आली कुठून?

१९९५ मध्ये अमेरिकेत एक पुस्तक निघालं. त्यात ब्रा आणि कर्करोग यांचा थेट संबंध असल्याचा दावा होता. ब्रा जास्त वेळ घालणाऱ्या स्त्रियांमध्ये कर्करोग जास्त आढळतो, असं त्यात म्हटलं होतं. पण त्या स्त्रियांची वयं काय होती, वजन किती होतं, मुलं कधी झाली, अंगावर दूध किती दिवस पाजलं, घरात आधी कुणाला हा आजार होता का, या गोष्टी बाजूला काढून हिशेब केलेला नव्हता. तो केल्याशिवाय आकडे काहीही सांगू शकतात.

ज्या समाजात ब्राचा वापर सर्रास आहे, तिथे बहुधा पहिलं मूल उशिरा होतं, मुलं कमी असतात, दूध कमी महिने पाजलं जातं, मद्यपान आणि लठ्ठपणा जास्त असतो, आयुर्मान जास्त असतं आणि तपासण्याही जास्त होतात. यातली प्रत्येक गोष्ट कर्करोगाच्या नोंदी वाढवते. ब्रा तिथे फक्त सोबतीला असते.

त्याआधी १९९१ च्या एका अभ्यासातही, पाळी सुरू असलेल्या आणि ब्रा न घालणाऱ्या स्त्रियांमध्ये धोका कमी दिसला होता. तो आकडा आजही फिरवला जातो. मात्र तो फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर काठावरचा होता, आणि ब्रा न घालणाऱ्या स्त्रिया बहुधा सडपातळ, लहान स्तनांच्या असतात हे स्पष्टीकरण संशोधकांनी स्वतःच दिलं होतं. फिरणाऱ्या मेसेजमध्ये हे वाक्य कधी येत नाही.

घट्ट ब्रामुळे काखेकडे जाणारी लसिका अडते आणि शरीरातली विषारी द्रव्यं स्तनात साठतात, असं म्हणतात. ते खरं आहे का?

हा दावा सगळ्यांत पटण्यासारखा वाटतो, कारण त्यातला अर्धा भाग खरा आहे. लसिका म्हणजे लिम्फ, पेशींभोवतीचा पाण्यासारखा द्रव. स्तनातून निघणारी बहुतांश लसिका खरोखरच काखेतल्या लसिकेच्या गाठींकडे (लिम्फ नोड्स) जाते. शरीरातला जास्तीचा द्रव, प्रथिनं आणि रोगप्रतिकारक पेशी या मार्गाने वाहतात. पुढचा भाग मात्र कल्पनेचा आहे. लसिकावाहिन्यांचं जाळं दाट असतं, स्तनाच्या आत खोलवर आणि त्वचेखालीही पसरलेलं. ब्राच्या पट्ट्याने सगळा प्रवाह थांबेल असं त्याचं स्वरूप नाही. आणि लसिका साठून स्तनाच्या पेशींचा कर्करोग होतो असंही दिसलेलं नाही. ब्रा काढल्यावर त्वचेवर दिसणारे वळ हे त्वचेवरच्या दाबाचे असतात. थोड्या वेळाने ते जातात.

लसिकेचा मार्ग खरोखर अडतो तो काखेतल्या या लसिकेच्या गाठी शस्त्रक्रियेत काढल्यावर किंवा तिथे रेडिएशन दिल्यावर. तेव्हा हाताला सूज येऊ शकते. म्हणजे कर्करोग आणि लसिका यांचं नातं आहेच, पण उलट्या दिशेने: कर्करोगाच्या पेशी याच वाटेने काखेत पोहोचतात, म्हणून डॉक्टर काख चाचपून पाहतात.

वायर असलेली ब्रा जास्त धोकादायक असते का?

नाही. वर सांगितलेल्या सिएटलच्या अभ्यासात वायरचा प्रश्न स्वतंत्रपणे विचारला होता, आणि संबंध दिसला नाही. धातूची तार आसपासच्या लहरी ओढून घेते, या म्हणण्यालाही आधार नाही. तार कापडातून बाहेर येऊन टोचत असेल तर ती ब्रा टाकून द्या. कारण जखम होते, एवढंच.

रात्री ब्रा घालून झोपलं तर?

सोयीचं वाटत असेल तर घाला, नसेल तर काढा. मोठ्या स्तनांच्या, गरोदर किंवा दूध पाजणाऱ्या बायकांना रात्री मऊ आधार बरा वाटतो. ब्रा घालून झोपल्याने कर्करोग होत नाही आणि स्तन ओघळायचेही थांबत नाहीत. ते वय, गरोदरपणं, वजनातले चढउतार आणि त्वचेची लवचीकता यांवर ठरतं.

काळी ब्रा घालून उन्हात जाऊ नये, असा मेसेज आला होता.

निराधार आहे. रंगाचा काही संबंध नाही. पुढे पाठवू नका.

मुलगी लहान आहे. इतक्यात ब्रा घालायला दिली तर पुढे धोका वाढेल का?

नाही. कोणत्या वयात ब्रा घालायला सुरुवात केली, याचाही कर्करोगाशी संबंध आढळलेला नाही. तिला अवघडल्यासारखं वाटायला लागलं, खेळताना दुखायला लागलं की द्या. या वयात एका बाजूला निप्पलच्या मागे कठीण, हुळहुळणारी गाठ लागते आणि आईच्या पोटात गोळा येतो. बहुतेक वेळा ती स्तनाच्या वाढीची सुरुवात असते आणि एका बाजूला आधी सुरू होणं अगदी सामान्य आहे. शंका असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा, पण धाक म्हणून कर्करोगाचं नाव तिच्यासमोर घेऊ नका.

ब्रामध्ये मोबाइल ठेवायची सवय आहे. सोडावी का?

२०१३ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी चार तरुण स्त्रियांची माहिती प्रसिद्ध केली. त्या फोन ब्रामध्ये ठेवत आणि त्याच भागात त्यांना कर्करोग झाला होता. चार रुग्णांवरून कारण सिद्ध होत नाही. असंख्य स्त्रिया फोन असाच ठेवतात आणि त्यांतल्या काहींना इतर कारणांनी कर्करोग होणारच. मोबाइलच्या रेडिओलहरी एक्स-रेसारख्या नसतात, डीएनए तोडण्याइतकी ऊर्जा त्यांच्यात नसते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये या लहरींना ‘कर्करोगकारक असण्याची शक्यता’ या गटात ठेवलं, ते मुख्यतः मेंदूच्या गाठींबद्दलच्या तोकड्या पुराव्यावरून. स्तनासाठी तसा पुरावा नाही. तरीही फोन पर्समध्ये ठेवणं जमत असेल तर ठेवा. घामाने आणि गरम झालेल्या फोनने त्वचेला त्रास होतोच.

काखेत डिओडरंट लावणं, काखेतले केस काढणं?

सिएटल परिसरातच झालेल्या २००२ च्या अभ्यासात कर्करोग झालेल्या ८१३ आणि न झालेल्या ७९३ स्त्रियांना हेच विचारलं होतं. डिओडरंट, घाम रोखणारे स्प्रे, रेझर, यांतल्या कशाचाही संबंध दिसला नाही. भीती वाढली ती २००४ मध्ये स्तनाच्या २० गाठींमध्ये पॅराबेन हे टिकाऊपणासाठी वापरलं जाणारं रसायन सापडल्याने. पण तिथे निरोगी स्तनांशी तुलनाच नव्हती. पुढे काखेत कधीच काही न लावलेल्या स्त्रियांच्या स्तनांतही पॅराबेन सापडलं, कारण ते इतर अनेक वस्तूंतून शरीरात येतं.

काखेजवळच्या वरच्या भागात गाठी जास्त होतात म्हणून डिओडरंटवर बोट ठेवलं जातं. खरं कारण साधं आहे: स्तनाच्या त्या भागात ग्रंथींचं प्रमाणच सर्वांत जास्त असतं.

कपड्यांचे रंग आणि रसायनं तरी?

रंगांच्या कारखान्यांत बेंझिडीनसारख्या रसायनांत वर्षानुवर्षे काम केलेल्या कामगारांना मूत्राशयाचा कर्करोग झाल्याचं पक्कं माहीत आहे. अशी घातक संयुगं सुटू शकतील अशा ॲझो रंगांवर युरोपीय संघात त्वचेला लागणाऱ्या कापडासाठी बंदी आहे. कारखान्यात ते द्रव्य हाताळणं आणि रंगवलेलं कापड घालणं यांत फार मोठं अंतर आहे, आणि कपड्याच्या रंगाने स्तनाचा कर्करोग होतो असं दाखवणारा पुरावा नाही. नवीन कपडा एकदा धुऊन मगच घालावा. त्याने उरलेला रंग आणि सुरकुत्या न पडण्यासाठी वापरलेलं फॉर्मॅल्डिहाइड कमी होतं, त्वचेची ॲलर्जी टळते.

म्हणजे कपड्यामुळे कुठलाच कर्करोग होत नाही?

एक दुर्मिळ अपवाद आहे आणि तो त्वचेचा. कंबरेला एकाच जागी वर्षानुवर्षे नाडी करकचून बांधल्याने त्वचा घासते, काळवंडते, सोलते, व्रण पडतो आणि भरत नाही. अशा जुनाट, न भरणाऱ्या जखमेत क्वचित त्वचेचा कर्करोग झाल्याचं डॉक्टरांनी नोंदवलं आहे. यात कारण असतं ती भरू न दिलेली जखम. उपाय सोपा आहे: नाडीऐवजी रुंद पट्टा, बांधायची जागा बदलत राहणं, आणि न भरणारा व्रण डॉक्टरांना दाखवणं. स्तनाच्या कर्करोगाशी याचा संबंध नाही.

मग घट्ट ब्राचा काहीच त्रास नाही?

आहे, आणि तो हसण्यावारी नेऊ नये. खांद्यावर पट्टे रुततात, मान आणि पाठ दुखते, स्तनाखालच्या घडीत घाम साचून बुरशीची खाज सुटते. दूध पाजणाऱ्या आईने फार घट्ट ब्रा घातली तर दुधाची नळी तुंबून स्तन सुजतो, ताप येतो. कधी दाबाने त्वचेखालच्या शिरेत रक्त गोठून दोरीसारखी ताठ, दुखरी रेघ दिसते. ती बहुधा काही आठवड्यांत आपोआप जाते, तरी एकदा दाखवून घ्यावी.

योग्य मापाची ब्रा मला याहून मोठ्या कारणासाठी महत्त्वाची वाटते. स्तन मोठे असलेल्या कितीतरी जणी धावणं, भरभर चालणं टाळतात, कारण हालचाल झाली की दुखतं आणि लाजही वाटते. व्यायामाने स्तनाच्या कर्करोगाचा धोका खरोखर कमी होतो. चांगला आधार देणारी ब्रा मिळाल्याने एखादी बाई रोज चालायला लागली, तर तिच्या कपड्याने तिचं भलंच केलं.

ब्राच्या आत डाग दिसला, किंवा एका बाजूचा कप अचानक घट्ट झाला. काय करू?

डॉक्टरांना दाखवा, वेळ न घालवता. या सगळ्या पानावर मला सर्वांत कळकळीने सांगायचं आहे ते हेच. ब्रामुळे कर्करोग होत नाही, पण कर्करोगाची खूण कधी कधी ब्रावर आधी दिसते, आणि तेव्हा ब्रालाच दोष देऊन बायका दुखणं अंगावर काढतात. पुरळ आलं की ‘कापड लागलं असेल’, लाली आली की ‘घट्ट झाली असेल’, निप्पलची साल निघाली की ‘घासलं असेल’. असे महिने निघून जातात.

निप्पलमधून न दाबता, एकाच बाजूने रक्तासारखा किंवा पाण्यासारखा स्राव येऊन आत डाग पडत असेल, तर बहुधा नळीतली साधी, निरुपद्रवी गाठ निघते. पण ते तपासल्यावरच ठरतं. निप्पलवरच सुरू झालेली, एकाच बाजूची, खपल्या धरणारी खाज मलम लावून दोन-तीन आठवड्यांत बरी होत नसेल, तर ती पॅजेटचा आजार हा कर्करोगाचाच प्रकार असू शकते. दिसायला तो हुबेहूब इसबासारखा असतो. त्वचेच्या ॲलर्जीत सहसा निप्पलभोवतीचा भाग आधी बिघडतो आणि बऱ्याचदा दोन्ही बाजूंना. पण या फरकावर विसंबून घरच्या घरी निदान करू नका.

आणखी एक प्रकार आहे, दाहक कर्करोग. यात बऱ्याचदा गाठ लागतच नाही. काही आठवड्यांत स्तन लाल, गरम, जड होतो, त्वचा संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत दिसते आणि नेहमीची ब्रा एका बाजूला होईनाशी होते. जंतुसंसर्ग समजून औषधं दिली जातात. अँटिबायोटिकच्या एका कोर्सने लाली गेली नाही, तर पुन्हा त्याच गोळ्या घेत बसू नका. स्तनाच्या तज्ज्ञांकडे पाठवा असं स्पष्टपणे म्हणा.

बाकीच्या खुणाही लक्षात असू द्या: स्तनात किंवा काखेत नवी गाठ, मग ती दुखत नसली तरी, त्वचेला पडलेली खळी, आत ओढलं गेलेलं निप्पल, जे आधी तसं नव्हतं. न दुखणाऱ्या गाठीला बायका घाबरत नाहीत, ही फार वाईट गोष्ट आहे. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात हेही तितकंच खरं. दोन्हींतला फरक तपासणी, सोनोग्राफी, मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे) आणि गरज पडल्यास बायोप्सी (गाठीचा छोटा तुकडा काढून तपासणं) सांगते.

मला कर्करोगाचं निदान झालं आहे. वर्षानुवर्षे घट्ट ब्रा घातली, हे मीच ओढवून घेतलं का?

नाही, ताई. तुमच्या ब्राने हे झालेलं नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की स्तनाच्या कर्करोगाच्या जवळजवळ निम्म्या रुग्णांत स्त्री असणं आणि वाढतं वय यांपलीकडे कुठलंच ठळक कारण सापडत नाही. कुणी नातेवाईक ‘तू अशा ब्रा घालायचीस ना’ असं म्हणत असेल, तर त्यांना हे उत्तर वाचायला द्या. आता लागणारी ताकद उपचारांसाठी ठेवा.

मग धोका खरोखर कशाने वाढतो?

वयाने सर्वांत जास्त. बीआरसीए १ किंवा २ या जनुकांत दोष असेल तर आयुष्यभरातला धोका ६० टक्क्यांहून वर जातो, मात्र एकूण रुग्णांपैकी आनुवंशिक दोषामुळे आजार झालेले साधारण ५ ते १० टक्केच असतात. आई, बहीण, मावशी, आत्या यांच्यापैकी कुणाला कमी वयात हा आजार झाला असेल तर ते डॉक्टरांना सांगाच. वडिलांकडचा इतिहासही तितकाच मोजायचा असतो, आणि तोच विसरला जातो.

पाळी लवकर सुरू होणं, उशिरा थांबणं, मूल न होणं किंवा पहिलं मूल तिशीनंतर होणं, तरुणपणी छातीला रेडिएशन मिळालेलं असणं, रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन ही संप्रेरकं एकत्र असलेल्या गोळ्या दीर्घकाळ घेणं, ही इतर कारणं. यातल्या बऱ्याच गोष्टी आपल्या हातात नसतात.

हातात असलेल्या दोन गोष्टी ठळक आहेत. मद्य: थोडं घेतलं तरी धोका थोडा वाढतो, ‘सुरक्षित’ असं प्रमाण नाही. आणि रजोनिवृत्तीनंतरचं वाढलेलं वजन, कारण तेव्हा चरबीच इस्ट्रोजेन तयार करते. दूध पाजण्याचा फायदा होतो: ३० देशांतल्या ४७ अभ्यासांची माहिती एकत्र करून २००२ मध्ये मांडलेल्या निष्कर्षानुसार, एकूण दर १२ महिने दूध पाजल्याने धोका ४.३ टक्क्यांनी घटतो. ज्यांना पाजता आलं नाही त्यांनी मनाला लावून घेऊ नये, तो अनेक घटकांपैकी एक आहे.

पुरुषांना होतो का?

होतो. एकूण रुग्णांपैकी अर्धा ते एक टक्का. बहुधा निप्पलच्या मागे कठीण गाठ लागते. पुरुष ब्रा घालत नाहीत, तरी होतो.

शस्त्रक्रियेनंतर कोणती ब्रा घालावी?

जखम भरेपर्यंत मऊ, बिनवायरची, पुढून उघडणारी. हात वर उचलायला त्रास होतो तेव्हा मागचे हूक लावणं नको वाटतं. रेडिएशन सुरू असताना त्वचा भाजल्यासारखी होते, तेव्हा सैल सुती कपडा घाला आणि शिवण त्या जागी घासणार नाही असं पाहा. काखेतल्या लसिकेच्या गाठी काढल्या असतील तर खांद्यावर रुतणारा अरुंद पट्टा टाळा, हाताला जडपणा किंवा सूज वाटली तर लगेच सांगा. स्तन काढला असेल तर कृत्रिम स्तन बसवता येईल अशी खिसा असलेली ब्रा मिळते. कृत्रिम स्तनाचं वजन दुसऱ्या बाजूशी जुळणारं असावं, नाहीतर खांदा एका बाजूला झुकून पाठ दुखते. आणि कृत्रिम स्तन न लावता वावरायचं असेल, तर तसंही वावरता येतं.

मॅमोग्राफीला जाताना काय घालून जायचं?

वरचा कपडा वेगळा काढता येईल असा पोशाख, कारण कंबरेपासून वरचे कपडे काढावे लागतात. त्या दिवशी काखेत आणि छातीवर डिओडरंट, पावडर, क्रीम लावू नका. त्यातले धातूचे कण फोटोत पांढरे ठिपके म्हणून उमटतात आणि ते कधी कधी कर्करोगाची खूण असणाऱ्या कॅल्शियमच्या साठ्यासारखे दिसून उगाच पुन्हा बोलावणं येऊ शकतं. चुकून लावलं असेल तर तपासणीआधी पुसून घ्या आणि तंत्रज्ञांना सांगा. पाळीआधीच्या आठवड्यात स्तन दुखरे असतात, म्हणून पाळी संपल्यानंतरचे दिवस निवडले तर कमी दुखतं. आधीचे मॅमोग्राफीचे फोटो असतील तर बरोबर न्या. जुन्या-नव्या फोटोंतला फरक पाहूनच डॉक्टर बऱ्याचदा निर्णय घेतात.